ताई, हॅलो जेवली

ताई, तुमच्या तेराव्याला माझं फार कौतुक झालं.

तुमच्यासमोर झालं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून नुसतं "हो का?" म्हणाला असतात आणि विषय तिथंच संपला असता. पण तुम्ही टेबलावर, हार घातलेल्या फोटोत होतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नणंदेचं एवढं कोण करतं आजकाल? अनघानं आईसारखं केलं." मग कुणीतरी मांजरीचं काढलं. रस्त्यावरचं मुकं जनावर घरात आणलं, जीव लावला, वगैरे. मी मान खाली घालून उभी होते. लोकांना वाटलं, दुःखानं. मुकुंदलाही तसंच वाटलं असणार, कारण त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मांजर माझी नाही, ताईंची" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते मी म्हटलं नाही. पंगतीत जिलबी वाढत फिरले.

तुमच्याबद्दल बोलायच्या वेळी माझी जीभ उचलली जात नाही, हे तुम्हाला नवीन नाही. म्हणून आता लिहितेय.

मी लग्न होऊन कर्वेनगरच्या या घरात आले तेव्हा तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जात होतात. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, डब्यात पोळीभाजी. मुकुंद तिसरीत असताना तुमची आई गेली आणि त्याला तुम्हीच वाढवलं, हे मला त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. सांगताना त्याचा आवाज असा झाला होता की मी तेव्हाच ठरवलं, या बाईशी भांडायचं नाही. भांडण होऊ द्यायचं नसेल तर माणूस बोलणंच कमी करतो. आपलं तसंच झालं.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. ट्रंक कॉल लावून देणारी बाई कुणाला नकोशी झाली. एकदा जेवताना तुम्ही सांगितलंत, "पुढच्या महिन्यापासून मी घरी. स्वेच्छानिवृत्ती घेतेय." मुकुंद म्हणाला, बरं झालं, आराम कर. मी म्हणाले, हो ना. माझी तेव्हा हिंजवडीच्या कंपनीत नुकतीच टीम लीड म्हणून बढती झाली होती आणि पेढ्यांचा बॉक्स फ्रिजवर तसाच होता. तुमचं काम संपवणारी आणि माझं काम वाढवणारी गोष्ट एकच होती, हे मला त्या टेबलावर सुचलं नाही. तुम्ही मात्र जेवण झाल्यावर बॉक्स उघडून एक पेढा खाल्लात आणि म्हणालात, "छान आहे. कुठून आणलास?"

मग मुकुंद कंपनीच्या कामासाठी परदेशी, ऑनसाईट गेला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेला आणि मुदत वाढत राहिली. घरात आपण दोघी. मी सकाळी कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी ट्रॅफिकमधून अर्धमेली होऊन यायची. तुम्ही आठ वाजता जेवून घ्यायचात आणि माझं ताट झाकून ठेवायचात. मी ते टीव्हीसमोर बसून खायची. सिलिंडर लावला, दूधवाला उद्या येणार नाही, कामवालीनं सुट्टी घेतली. एवढंच बोलणं व्हायचं. तुम्हाला ते पुरत होतं का, मी कधी विचारलं नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात अंडं आलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या वर्ध्याच्या घरी दर रविवारी मटण व्हायचं, बाबा स्वतः मसाला वाटायचे. इथं मला कुणी काही बजावलं नव्हतं. मीच समजून घेतलं आणि मीच सोडलं, आणि हा केवढा त्याग आहे हे मनात घोकत राहिले. हिंजवडीत गेटबाहेरच्या गाडीवर भुर्जी-पाव खायची आणि बसमध्ये बडीशेप चघळत घरी यायची. आपण घरात किती जपून वागतो, याचा मला अभिमान होता.

अशात ती मांजर आली.

जिन्याच्या खालच्या लँडिंगवर, चपलांच्या रॅकखाली बसली होती. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची, एक कान फाटलेला, मागचा पाय उचलून धरलेला. मी घरून मोठा टॉवेल आणला, तिच्यावर टाकला आणि गाठोड्यासारखी उचलून वर आणली. तुम्ही दारात उभ्या होतात.

"हे काय?"

"मांजर आहे, ताई. लागलंय तिला."

"ते दिसतंय. इथं का?"

मी म्हणाले, चारच दिवस. तुम्ही म्हणालात, मांजर आपल्याकडे बघतं तेव्हा आपल्याला किंमत लावत असतं असं वाटतं, म्हणून आपल्याला मांजरं आवडत नाहीत. तरी तुम्ही दारातून बाजूला झालात.

टॉवेल सोडल्याबरोबर ती ड्राय बाल्कनीत पळाली आणि वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. मी नेटवर वाचून काढलं, काय द्यावं, कसं बोलवावं. बशीत दूध ठेवलं. "पिशवीतलं दूध देतेयस," तुम्ही म्हणालात, "उद्या बाल्कनी तूच धुणार ना?" दुसऱ्या दिवशी बाल्कनी तुम्हीच धुतलीत, कारण मी बसमध्ये होते. मी तिचं नाव पिक्सेल ठेवलं. तुम्ही म्हणालात, खोकल्याच्या औषधाचं वाटतं.

तिचा विश्वास मिळवण्याचं काम मी ऑफिसातल्या कामासारखं हातात घेतलं. रविवारी मशीन पुढे ओढलं, तिला कोपऱ्यात अडवलं आणि कुरवाळायला हात घातला. तिनं माझ्या मनगटाला दात लावले. मी ओरडले. मला रडूच आलं, तेही दुखलं म्हणून नाही. मी तिच्यासाठी इतकं करत होते आणि तिला त्याची काही पर्वा नव्हती. तुम्ही हळद आणलीत, मग विचार बदलून मला रिक्षात घालून इंजेक्शन द्यायला नेलंत. रिक्षात एकदाच बोललात, "तिच्या जागी तू असतीस तर?" मला ते टोचलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी घरात नसताना तुम्ही ड्राय बाल्कनीच्या दारात पाटावर बसायचात. भाजी निवडायचात, पेपर वाचायचात. मशीनकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. मधूनमधून फक्त म्हणायचात, "हॅलो." तेही तुमच्या त्या एक्स्चेंजमधल्या आवाजात. खालचा, सपाट, शेवटी जरा लांबवलेला, समोरचा माणूस कितीही चिडलेला असो, त्याला आपल्यासाठी कुणीतरी लाइनवर आहे असं वाटायला लावणारा. एकदा ताप आल्यामुळे मी घरी थांबले होते. खोलीतून मला तो ऐकू आला. "हॅलो." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा "हॅलो." मी उठून बघितलं तर मशीनच्या कडेनं अर्धं डोकं बाहेर आलं होतं आणि तुम्ही गवारीच्या शेंगा मोडत होतात. तुमचं तिकडे लक्षही नव्हतं, किंवा तुम्ही तसं दाखवत होतात.

पिक्सेल हे नाव तिथंच गेलं. ती हॅलो झाली.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले होते, मांजर फार अशक्त आहे, उकडलेले मासे द्या. मी हसले होते. आमच्या घरात ते शक्य नाही म्हणाले आणि मांजरांच्या कोरड्या खाद्याचं पाकीट घेतलं. हॅलोनं त्याला तोंड लावलं नाही. काही दिवसांनी मी ऑफिसातून येताना जिन्यातच बांगड्याचा वास आला. मला वाटलं, वरच्या भाडेकरूंकडे असेल. दार उघडून आत आले तर तुम्ही ड्राय बाल्कनीत, विजेची जुनी शेगडी लावून, नाकाला पदर गुंडाळून, चमच्यानं पातेल्यातले मासे परतत होतात. डोळ्यांत पाणी आलं होतं तुमच्या, वासानं. जन्मात ज्यांनी माशाला हात लावला नव्हता त्या तुम्ही काटे काढत होतात, आणि हॅलो तुमच्या पायाशी बसून होती.

ते बघून दुसऱ्या कुणाला गहिवरून आलं असतं. माझ्या अंगाची आग झाली.

"मांजरीसाठी चालतं का, ताई?" मी म्हणाले. "मी इतकी वर्षं या घरात अंड्याचं नाव काढलं नाही."

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "तू कधी विचारलंच नाहीस."

"विचारावं लागतं, हेच तर म्हणतेय मी."

"मग मला कसं कळणार?" तुम्ही म्हणालात, "बाहेर खातेस ते माहीत होतं. वास यायचा. मला वाटलं, तुला बाहेरच आवडतं."

मी खोलीत गेले आणि दार लावलं. ते भांडण तिथंच राहिलं, ताई. त्यात पुढे भर पडली नाही आणि ते मिटलंही नाही. मनात मी ते कितीतरी वेळा पुढे चालवलंय. नव्या सुनेनं विचारायचं असतं की घरातल्यांनी? अजूनही मला वाटतं, निम्मं माझं खरं होतं. निम्मं तुमचं. समोरासमोर बसून ती वाटणी करायला हवी होती. तुम्ही दुसऱ्या दिवशी टेबलावर अंड्यांचा ट्रे आणून ठेवलात, एक शब्द न बोलता. मीही एक शब्द न बोलता त्यांना हात लावला नाही. ती अंडी शेवटी कामवाली घेऊन गेली. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात माझी.

मग ती मीटिंग.

सोसायटीची मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. पाण्याची टाकी, रंगकाम झालं आणि सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरून हल्ली मासळीचा वास येतो अशी तक्रार आहे. आपण कुणाचं नाव घेत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्ध्याची, परजातीची, लव्ह मॅरेजवाली. त्या नजरा मला लग्नापासून ओळखीच्या होत्या. मी काही बोलायच्या आत तुम्ही उभ्या राहिलात.

"नाव घ्या की," तुम्ही म्हणालात. "मी शिजवते. मांजरीला."

हशा पिकला. मागून कुणीतरी विचारलं, मांजरीला की स्वतःला? पुन्हा हशा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मदत मागत नव्हतात तुम्ही. गर्दीत आपलं माणूस कुठं बसलंय ते बघावं, तसं नुसतं पाहिलंत. आणि मी सगळ्यांबरोबर हसत म्हणाले, "मी सांगत असते त्यांना. त्या ऐकतच नाहीत हो."

लोक आणखी हसले. त्या सोसायटीत लोक पहिल्यांदाच माझ्याबरोबर हसत होते. मला ते आवडलं, ताई. त्या क्षणी मला बरं वाटलं. हेच मला आजवर कुणाजवळ बोलता आलेलं नाही. भीतीनं जीभ घसरली असती तर मी स्वतःला माफ केलं असतं.

तुम्ही "बरं, बंद करते" म्हणालात, पदर सारखा केलात आणि बसलात.

वर आल्यावर मी वाट बघत होते, आता बोलाल. उत्तर तयार होतं माझं, अंड्यांपासून सुरुवात करणार होते. तुम्ही चहा टाकलात. दोन कप. माझा माझ्यासमोर ठेवून म्हणालात, "साखर बघ बरं, कमी झालीय का?"

कमी झाली नव्हती.

शेगडी दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेली. हॅलोचे मासे मात्र थांबले नाहीत. एक्स्चेंजमध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या शमीममावशी भवानी पेठेत राहायच्या. एक दिवसाआड तुम्ही बसनं त्यांच्याकडे जायला लागलात, सोबत स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा. त्या मासे उकडून, काटे काढून द्यायच्या. येताना तुम्ही डबा दोन पिशव्यांत गुंडाळून आणायचात, जिन्यात कुणाला वास जाऊ नये म्हणून. उन्हातान्हात, गुडघे धरले असताना. मी एकदा म्हणाले, ऑनलाइन चांगलं खाद्य मिळतं आता. तुम्ही म्हणालात, "तिला हेच लागतं." डबा आणायला मी एकदाही गेले नाही.

मुकुंद परत आला, आयुष्य पुन्हा रांगेला लागलं. हॅलो तुमच्या पायांवर झोपायची, तुमच्या मागे देवघरापर्यंत जायची आणि उंबऱ्याशी थांबायची. मी जवळ गेले की उठून जायची. घाईनं नाही, सावकाश, जणू तिला दुसरीकडे काही काम होतं. ऑफिसात मात्र माझ्या डेस्कवर तिचा फोटो होता. जिन्याखाली कशी सापडली, कशी चावली, मग कशी माणसाळली, हे मी नव्या मुलींना सांगायची. त्या गोष्टीत तुम्ही नव्हतात. तुमची गवार, तुमचा आवाज, सगळं मी माझ्या नावावर केलं होतं. एकदा ऑफिसातली एक मुलगी घरी आली आणि तुमच्यासमोरच म्हणाली, मॅडमनी किती पेशन्सनं मांजर माणसाळवलं ना! मी पाणी आणायला आत गेले. आतून तुमचा आवाज आला, "हो, तिनंच आणली." तुम्ही खोटं बोलला नाहीत आणि मला उघडंही पाडलं नाहीत. त्यापेक्षा पाडलं असतंत तर बरं झालं असतं.

तुमच्या किडन्या बिघडल्यावर मी जे केलं ते लोकांनी पाहिलं. डायलिसिसला नेणं, आणणं, पथ्याचं करणं. ते मी केलं, नाही म्हणत नाही. पण ते करताना माझ्या मनात एक हिशेब चालू असायचा, आता फिटलं का, आता तरी फिटलं का. तुमची पावलं चोळतानाही मी माझाच विचार करत होते.

शेवटच्या वेळी तुम्हाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा हॅलोनं खाणं सोडलं. म्हातारीच झाली होती तीही. मशीनमागे जाऊन बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशी. मुकुंद तुमच्याजवळ होता आणि मी घरी कपडे घ्यायला आले होते. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, ताई विचारतेय, हॅलो जेवली का. मी खरं सांगितलं. पलीकडे काहीतरी बोलणं झालं आणि तो म्हणाला, स्पीकर लाव आणि फोन तिच्याजवळ ठेव.

मी ड्राय बाल्कनीच्या लादीवर फोन ठेवला, शेजारी माशांची बशी. शमीममावशींनी तो डबा सकाळीच दवाखान्यात आणून दिला होता. मी खाली बसले.

"हॅलो," तुम्ही म्हणालात.

आवाज पार बारीक झाला होता, पण वळण तेच. काहीच झालं नाही. तुम्ही थांबलात. पुन्हा म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा मशीनच्या कडेनं तिचं डोकं आलं. ती फोनपाशी आली, त्याला हुंगलं, त्याच्या मागे जाऊन बघितलं. तुम्ही बोलत होतात, आज पाऊस नाही, इथली चादर टोचते, असलं काहीतरी, तिच्याशीच. आणि ती बशीत तोंड घालून खायला लागली. माझ्या गुडघ्याला तिची शेपटी लागत होती. इतक्या वर्षांत ती इतक्या जवळ कधी बसली नव्हती, आणि तेही माझ्यासाठी नव्हतं.

"अनघा?"

"हं, ताई."

"खातेय?"

"खातेय."

मग तुम्ही गप्प झालात, पण फोन ठेवला नाहीत. दुसऱ्यांचे फोन जोडून देऊन स्वतः बाजूला व्हायची जन्मभराची सवय तुमची, त्या दिवशी तुम्हीच लाइनवर थांबलात. मला तुमचा श्वास ऐकू येत होता. त्या पार्किंगमधलं सगळं मला आठवलं. म्हणायचं होतं, ताई, त्या दिवशी मी चुकले. एवढंच. तुम्ही त्याचीच वाट बघत होतात की नुसत्या दमला होतात, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

मी म्हणाले, "ताई, रेंज जातेय. ठेवते."

रेंज पूर्ण होती.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी पाणी आणि उशी यापलीकडे बोलला नाहीत, बोलण्याइतकं त्राणच उरलं नव्हतं. आणि मग तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर शमीममावशी आल्या. पंगतीच्या गर्दीत यायचं नव्हतं म्हणाल्या. हातात तोच डबा. हॅलो दिवसदिवसभर दाराशी बसून असायची, मी ठेवलेलं हुंगून सोडून द्यायची. मी तुमच्यासारखं "हॅलो" म्हणून बघितलं होतं. तेव्हा तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी पुन्हा म्हटलं नाही. मावशी खाली बसल्या, डबा उघडला आणि ती उठून त्यांच्याकडे गेली. त्यांच्या हातांचा वास तिला इतकी वर्षं रोजच्या जेवणातून ओळखीचा होता. ती खात असताना मावशी रडत होत्या, आवाज न करता.

मग डोळे पुसून, तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, "ती शेगडी शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही ना शशीनं?"

मला कळेना. मी विचारलं, कुठली शेगडी?

"मासे शिजवायची. जळाली म्हणाली होती. मी किती वेळा सांगितलं, माझा पुतण्या करून देईल, घेऊन ये. तर म्हणायची, राहू दे गं, तेवढंच तुझ्याकडे येणं होतं."

मी विचारलं, त्यांनी तुम्हाला सोसायटीच्या मीटिंगचं काही सांगितलं नव्हतं का? मावशी म्हणाल्या, कुठली मीटिंग?

ताई, इतकी वर्षं बसनं जात होतात. सगळ्यात जवळच्या मैत्रिणीकडे. आणि मैत्रिणीलाही सांगितलं नाहीत की भावजयीनं चार लोकांत काय केलं. शेगडीवर ढकललंत.

मी मावशींना सगळं सांगितलं. माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते बोलताना मला आवडलं होतं, हेही. त्या बराच वेळ हॅलोच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी वाट बघत होते, रागवाव्यात. त्या म्हणाल्या, "शशीला तर माहीत होतं सगळं. मग मला सांगून काय होणार?" आणि मग, "एक मात्र सांगते. ती म्हणायची, अनघानं आणली म्हणून घरात आली ही. मी एकटी असते तर हाकलून दिली असती आणि माझं केवढं नुकसान झालं असतं."

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? आणि सांगितलं असतंत तर मी तेही ऑफिसात मिरवलं असतं का? असतं, बहुतेक.

मावशींनी विचारलं, "मी घेऊन जाऊ हिला? इथं राहिली तर मरेल." मुकुंद लगेच म्हणाला, नको, ताईची आठवण आहे, आणि अनघाची मांजर आहे ती. मला क्षणभर तेच हवं होतं. ती घरात राहिली असती, मी तिच्यामागे बशी घेऊन फिरले असते आणि काकूंनी ते पाहून आणखी कुणाला सांगितलं असतं. माझ्या मनात हे आलं, ताई, तुमच्या फोटोसमोर. म्हणून मी मुकुंदला म्हणाले, "माझी नाही रे. कधीच नव्हती. ताईंची होती." तो गोंधळला. त्याला मी नंतर सगळं सांगितलं. ऐकून तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि ते ठीकच झालं.

हॅलो वेताच्या टोपलीत बसून रिक्षानं गेली. टोपलीवर मी तुमची जुनी साडी घातली. ओरडली नाही.

काल मी भवानी पेठेत गेले होते. तुमच्या बसनं. बसायला जागा मिळाली नाही, आणि तुम्ही त्या गुडघ्यांनी कशा जात असाल ते तेव्हा कळलं. मावशींनी जेवायला बसवलं. माशाचं कालवण आणि भात. मी म्हणाले, नको, तर त्यांनी न ऐकता वाढलं. मी खात असताना हॅलो खाटेखालून आली. भरलीय आता थोडी. माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि ताटाकडे बघत राहिली. मी काटे काढून एक तुकडा बोटांत धरला. पुढे केला नाही, नुसता धरला. बराच वेळ गेला. हात भरून आला. मग ती उठली, तुकडा उचलला, दात न लावता, आणि पुन्हा खाटेखाली गेली.

मावशी स्वयंपाकघरात होत्या, त्यांना दिसलं नाही. एवढंच झालं. पण सांगायला तुम्हीच हव्या होतात.